‘आपला पोरगा’ असण्याचा लोड

एक प्रश्न विचारते. घरी, बिल्डिंगमध्ये, नाक्यावर तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारतात? कॉलेजच्या आयकार्डवरचं नाव नाही, ते दुसरं. बाबू, पिंट्या, छकुली, मोन्या असलं काहीतरी. आता समजा तुम्ही मैदानात आहात, शेवटचं दीड मिनिट उरलंय, तुमचा संघ दोन गुणांनी मागे आहे आणि कडेच्या गर्दीतून कुणीतरी तेच नाव जीव खाऊन ओरडतं. काय होईल तुमचं?

माझं नाव सोनू. (खरं नाव वर बायलाइनमध्ये आहे. भेटलात तर तेच वापरा, प्लीज.)

सेकंड इयरला मी कॉलेजच्या कबड्डी संघात होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला एक सामना आमच्याच मैदानावर, विरारला होता. बाबांनी हाफ डे टाकला. समोरच्या मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकी, आईच्या भिशीतल्या चौघी आणि क्लासला दांडी मारून आलेली बिल्डिंगची पोरं, सगळे हजर. मी चढाईला गेले. समोर पाच जणी. उजव्या कोपऱ्यातली पुढे सरकली, मी हात लांब केला आणि तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘सोनूऽऽ, जा पुढे, जा!’’

मी मान वळवली नाही, एवढं नक्की आठवतं. पण ‘काकी बघतायत’ हे डोक्यात आलं आणि पुढच्या क्षणी माझा पाय लॉबीत होता. कबड्डी खेळणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मैदानाच्या दोन्ही बाजूंना जो पट्टा असतो, त्यात कुणाला तरी स्पर्श झाल्याशिवाय पाय टाकता येत नाही. टाकला की बाद. मी कुणालाही शिवले नव्हते. शिट्टी वाजली. सामना तीन गुणांनी गेला.

त्याच महिन्यात आम्ही कांदिवलीला एका कॉलेजात खेळलो. तिथे मला सोनू म्हणणारं कुणी नव्हतं. मी सात गुण आणले. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, ‘‘मग त्या दिवशी काय झालं होतं तुला?’’

पुढचे पाच-सहा महिने भाजीवाल्या मावशी वजन करता करता विचारायच्या, ‘‘काय गं, रेषेबाहेर गेलीस म्हणे?’’ कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. त्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलंय, म्हणून तर सगळ्या आल्या होत्या. वांधा नेमका तिथेच आहे. कांदिवलीला हरलात तर ट्रेन पकडून निघून येता. घरच्या मैदानावरून निघून जायचं कुठे? घर चालत पाच मिनिटांवर, आणि त्या पाच मिनिटांत अख्खं प्रेक्षागृह पुन्हा भेटतं.

आता तुम्ही म्हणाल, घरच्या मैदानाचा तर फायदा असतो की. असतोच. २०२० च्या मे महिन्यात कोरोनानंतर जर्मनीतली फुटबॉल लीग रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, तेव्हा यजमान संघांचं जिंकण्याचं प्रमाण घसरलं. गर्दीच्या आरोळ्यांचा दबाव गेल्यावर रेफ्रीही यजमानांना पूर्वीइतकं झुकतं माप देईनात, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे प्रेक्षक कामाचे असतात. पण अमेरिकेतल्या रॉय बाउमायस्टर आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये एक उलटी गोष्ट मांडली होती. त्यांनी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचे जुने निकाल तपासले. मालिकेच्या सुरुवातीच्या सामन्यांत घरचा संघ जास्त जिंकायचा, पण शेवटच्या, निर्णायक सामन्यात घरच्याच मैदानावर ढेपाळायचा. पुढे इतरांनी जास्त वर्षांचे आकडे घेऊन तपासलं आणि सांगितलं की प्रकरण एवढं सरळ नाही. ठीक आहे, आकड्यांवर त्यांना भांडू दे. मला त्यामागचं कारण पटलं. जे काम हात-पाय आपोआप करतात, त्याकडे आपण ‘मी कशी दिसतेय’ म्हणून बघायला लागलो की ते बिघडतं. जिना उतरताना आता कुठला पाय पुढे टाकायचा याचा विचार करून बघा. नको, पडाल.

आणि जर्मनीतल्या स्टेडियममधले हजारो लोक खेळाडूला अनोळखी असतात. माझ्या त्या दहा-बारा बायका अनोळखी नव्हत्या. दोन्ही गोष्टींना आपण ‘होम क्राउड’ म्हणतो, पण त्या एक नाहीत.

आता आपल्या गावाकडे या. वसई-विरारमध्ये राहून तुम्ही क्रिकेट खेळत असाल तर तुमचा ‘घरचा संघ’ कोणता? महापालिका आपली वेगळी, २००९ पासून. जिल्हाही वेगळा, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. पण क्रिकेटच्या नकाशात आपण मुंबई आहोत. इथल्या पोराने चांगली बॅट धरली की त्याने मुंबईकडून रणजी खेळायचं असतं. म्हणजे ज्या संघाला घरचा म्हणायचं, त्याची मैदानं आझाद मैदान, क्रॉस मैदान, बीकेसी, वानखेडे अशी. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. किटबॅग घेऊन सकाळच्या विरार फास्टमध्ये चढून बघितलंय कधी? डब्यातले लोक आधी बॅगेला शिव्या घालतात, मग तुम्हाला. मग बोरिवलीच्या पुढे कुणीतरी विचारतं, कुठे खेळतोस रे? आणि दोन स्टेशनांत तुम्ही त्या डब्याचे ‘आपला पोरगा’ होता.

पृथ्वी शॉ असाच आपला झाला. ही गोष्ट तुम्हाला तुकड्या-तुकड्यांत माहिती असेल, पण एका दमात वाचली की वेगळी वाटते. आई तो चार वर्षांचा असताना गेली. वडिलांनी कपड्यांचा छोटा धंदा गुंडाळला आणि पोराला विरारहून बांद्र्याच्या एमआयजी मैदानावर न्यायला-आणायला लागले. पुढे सांताक्रूझच्या वाकोल्यात राहायची सोय झाली आणि रोजची ट्रेन सुटली. नोव्हेंबर २०१३ मध्ये, चौदा वर्षांचा होऊन जेमतेम दोन आठवडे होत असताना, हॅरिस शिल्डच्या सामन्यात आझाद मैदानावर त्याने रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा काढल्या. ३३० चेंडूंत.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या बिल्डिंगखाली बॉक्स क्रिकेट खेळणारी पोरं दुसऱ्या दिवसापासून ‘पृथ्वी’ होती, सगळी. त्यातला एकही पृथ्वीला कधी भेटलेला नव्हता. त्याने तोवर विरार सोडलंही होतं. पण पेपरात ‘विरारचा’ असं छापून आलं आणि आमच्या दृष्टीने विषय संपला. कुटुंब मूळचं बिहारमधल्या गयेचं, त्यामुळे तिकडेही तो आपलाच. आणि मुंबईचा तर होताच. चौदा वर्षांच्या पोरावर तीन गावांनी हक्क सांगितला होता.

पुढचं सगळं वेगात झालं. जानेवारी २०१७ मध्ये रणजीचा पहिलाच सामना, तोही उपांत्य फेरीचा, आणि दुसऱ्या डावात शतक. २०१८ च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांखालचा वर्ल्डकप, कर्णधार म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पणात १३४. पदार्पणात शतक करणारा सर्वांत लहान भारतीय. वय अठरा.

आणि मग उतार. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातून पोटात गेलेल्या प्रतिबंधित द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडच्या कसोटीत ० आणि ४. मधेच पुन्हा उसळी: जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध मुंबईकडून ३७९. रणजीच्या इतिहासात याहून मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३, डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून काढलं. फिटनेस आणि शिस्त, हे दोन शब्द सगळीकडे छापून आले. नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात कुणी बोली लावली नाही. डिसेंबरमध्ये विजय हजारे स्पर्धेच्या संघातही नाव नाही. तेव्हा त्याने इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर स्वतःचे आकडे टाकले: ६५ डाव, ३३९९ धावा. अजून काय करू, अशा अर्थाचं काहीतरी खाली होतं.

ती स्टोरी तुम्ही पाहिली असेल. मी पाहिली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा स्वतःच्याच घराच्या दारात मार्कशीट घेऊन उभा आहे.

फिटनेस, शिस्त हे मुद्दे खोटे होते असं मी म्हणत नाहीये. मला ते ठरवता येणार नाही, आणि संघात जागा मिळवायची तर वजन, झोप, सराव बघितलाच जाणार. माझा मुद्दा आपल्याबद्दल आहे. त्या काळात विरार स्टेशनच्या पुलावर, चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर जी वाक्यं ऐकू यायची ती आठवा. ‘पैसा आला की असंच होतं.’ ‘डोक्यात हवा गेली.’ ‘आम्ही तेव्हाच बोललो होतो.’ कधी बोलला होतात? २०१३ मध्ये तर तुम्ही स्टेटसला त्याचा फोटो लावायला निघाला होतात. परक्या गावचा खेळाडू आपटला तर आपण चॅनल बदलतो. आपल्या गावचा आपटला तर आपल्याला वाटतं, त्याने आपली फसवणूक केली. त्याने आपल्याकडून काय उधार घेतलं होतं? काहीच नाही. वडिलांनी धंदा बंद केला होता, आपण कुणी केला नव्हता.

जुलै २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला. क्रिकेटच्या कागदपत्रांत याला ‘ना हरकत प्रमाणपत्र’ म्हणतात. घरच्यांनी लिहून द्यायचं की आमची हरकत नाही. शब्द तसा बरोबर आहे, पण वाचताना गंमत वाटते. मग ऑक्टोबरमध्ये गहुंजेच्या मैदानावर सराव सामना झाला आणि समोर कोण? मुंबई. त्याने १८१ धावा ठोकल्या, बाद झाला आणि जाता जाता आपल्याच जुन्या सहकाऱ्यांशी त्याची वाजली. व्हिडिओ दिवसभर फिरत होता. लोकांना त्यात माज दिसला. मला तो लॉबीतला पाय दिसला. साध्या सराव सामन्यात १८१ करून निघालेल्या माणसाचं डोकं एवढं कशाने तापतं? समोर जुनी जर्सी होती, त्याने तापलं असेल, असा माझा अंदाज आहे. चूक ती चूकच.

रणजीत महाराष्ट्राकडून पहिल्या डावात तो शून्यावर गेला, केरळविरुद्ध. दुसऱ्या डावात ७५. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२, त्यात द्विशतक १४१ चेंडूंत. सामनावीराचा पुरस्कार ऋतुराज गायकवाडला मिळाला, त्याने तो पृथ्वीबरोबर वाटून घेतला. ‘घर बदललं की मोकळं वाटतं’ असा निष्कर्ष दोन सामन्यांवरून काढू नये, हे मला कळतं. पण कांदिवलीचे माझे सात गुण आठवले.

आता याच रेल्वेलाइनवर थोडं पुढे चला. विरारनंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर. पालघरचा शार्दूल ठाकूर पृथ्वीपेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो खेळायला मुंबईला जायचा तेव्हा डहाणूपर्यंत लोकलही नव्हती, ती २०१३ मध्ये आली. त्याआधी शटल आणि मेमू, गाडी चुकली की बसा. बोरिवलीच्या शाळेतून त्याने खेळावं म्हणून प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला वर्षभर स्वतःच्या घरी ठेवलं.

दोघांच्या तारखा शेजारी ठेवल्या तर विचित्र वाटतं. पृथ्वीचं कसोटी पदार्पण ४ ऑक्टोबर २०१८, राजकोट, शतक. शार्दूलचं कसोटी पदार्पण आठ दिवसांनी, हैदराबाद, त्याच मालिकेत. दहा चेंडू टाकले आणि दुखापतीने बाहेर. नंतरची कसोटी मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं, ब्रिस्बेन. ज्या दौऱ्यात पृथ्वी ॲडलेडनंतर संघाबाहेर गेला, त्याच दौऱ्याच्या शेवटच्या सामन्यात शार्दूलने सात बळी घेतले आणि ६७ धावा काढल्या.

२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परत आल्यावर तो विमानतळावरून सरळ अंधेरी स्टेशनला गेला आणि लोकल पकडून पालघरला घरी निघाला. डब्यातल्या कॉलेजच्या पोरांनी हा खरंच तोच आहे का म्हणून आधी गुगलवर फोटो बघितला, मग सेल्फी मागितला. मला हा किस्सा फार आवडतो, पण ‘किती साधा माणूस’ म्हणून नाही. भारताकडून खेळून आलेल्या माणसाला त्याच्याच लाइनवर कुणी पटकन ओळखलं नाही, ही त्याच्यासाठी केवढी मोठी सोय आहे! चौदाव्या वर्षी त्याचं नाव घराघरांत गेलं नव्हतं. त्याचं पहिलं प्रथम श्रेणी शतक आलं तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मार्च २०२४, रणजीची उपांत्य फेरी, बीकेसी, समोर तामिळनाडू. मुंबई ७ बाद १०६ आणि हा नवव्या क्रमांकावर येऊन १०९. पुढे अंतिम सामन्यात वानखेडेवर ७५, आणि मुंबईचं ४२वं विजेतेपद.

पुढच्या जानेवारीत पुन्हा बीकेसीच. दहा वर्षांनी रोहित शर्मा रणजी खेळायला उतरला होता म्हणून सगळ्यांच्या नजरा तिथे. रोहितच्या धावा ३ आणि २८. शार्दूलच्या ५१ आणि ११९. मुंबई तरीही जम्मू-काश्मीरकडून हरली. २०२५-२६ च्या हंगामासाठी मुंबईने कर्णधार निवडला तो हाच. ज्या हंगामात विरारचा एक मुंबई सोडून गेला, त्याच हंगामात पालघरचा एक मुंबईचा कर्णधार झाला.

दोघांमधला फरक फक्त प्रेशरचा, असं म्हटलं तर मी खोटारडी. स्वभाव, शरीर, नशीब, सगळंच वेगळं असतं. पण एकाला आपण चौदाव्या वर्षी खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्याला तिशीपर्यंत ट्रेनमध्ये शांतपणे उभं राहू दिलं, हेही खरं आहे.

‘मग सचिनचं काय, त्याला पण लहानपणीच डोक्यावर घेतलं होतं’ हा प्रश्न येणार, मला माहितीये. माझ्या बाबांनी लगेच विचारला. तर सचिनचं ऐका. मार्च २००६, वानखेडे, इंग्लंडविरुद्ध कसोटी. सचिन पहिल्या डावात १ धाव काढून बाद झाला आणि स्वतःच्या शहरातल्या, स्वतःच्या मैदानातल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. सचिनची! आणि २०१३ मध्ये शेवटची कसोटी मुंबईत व्हावी अशी त्याने विनंती केली, कारण चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत आईने त्याला मैदानात बसून खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. चोवीस वर्षं. बहुतेक लोक याला श्रद्धा-अंधश्रद्धेच्या खात्यात टाकतात. मला वाटतं, त्या घराला काहीतरी कळलं होतं. माझ्या आईने तर पहिल्याच मॅचला भिशी आणली.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र कल्याणची आहे. ४ आणि ५ जानेवारी २०१६ ला प्रणव धनावडे नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने शालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा काढल्या. १८९९ पासून टिकलेला इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. वडील रिक्षाचालक. मैदान घराजवळचं, कल्याणमधलंच. जगभरातून कॅमेरे आले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली, पाच वर्षांसाठी. त्यानंतर तशा धावा झाल्या नाहीत. होणार कशा? हजार धावा रोज कोण करतं? पण नंतर तो जिथे उतरला तिथे लोक स्कोअरबोर्डवर ती हजारच शोधत होते. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं की मुलाची कामगिरी समाधानकारक नाही, शिष्यवृत्ती थांबवा.

दहा हजार रुपये महिना. रिक्षा चालवणाऱ्या घरात ही रक्कम काय असते, हे मी विरारच्या वाचकांना सांगायची गरज नाही. ती कुणी मागितली नसताना परत द्यावीशी वाटण्याइतकं ओझं त्या घरावर कुठून आलं असेल? मी ते पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या जागी माझ्या बाबांना ठेवून बघितलं. पुढे विचार करवला नाही.

इथवर सगळं मोठ्या नावांचं झालं. वसई-विरारमध्ये खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ना लिलाव येतो ना शिष्यवृत्ती. त्यांच्या वाट्याला येतो तो चषक. आगाशी, बोळींज, नाळा, निर्मळ, कुठेही जा, थंडी पडली की टेनिस क्रिकेट सुरू. डीजे, मांडव, ट्रॉफ्यांची उतरंड, पाहुण्यांच्या शाली, माइकवर अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा कॉमेंटेटर आणि यूट्यूबवर लाइव्ह. कॉमेंटेटर खेळाडूचं खरं नाव घेतच नाही, गावातलं घेतो. आणि बहुतेक ठिकाणी ‘एक गाव एक संघ’. आधार कार्ड बघून खेळवतात.

माझ्या वर्गातल्या एका मित्राने मागच्या हिवाळ्यात अशाच सेमीफायनलला लाँगऑनवर कॅच सोडला. साधा कॅच. त्याच्या गावातल्याच कुणीतरी लाइव्हमधून तेवढा तुकडा कापला, खाली रडकं गाणं टाकलं आणि रील केली. ती त्याच्या मामाने त्यालाच फॉरवर्ड केली, हसण्याच्या पाच इमोजींसह. घरात आजी अजून विचारते, सुटला कसा रे? गावच्या संघाचं टी-शर्ट ज्यांनी स्पॉन्सर केलं होतं त्यांचं दुकान त्याच्या रस्त्यात आहे, तर हा दोन महिने मागच्या गल्लीने स्टेशनला जायचा. पृथ्वीला ना हरकत प्रमाणपत्र मिळालं. याला कुठून मिळणार? आधार कार्डावर गावच ते आहे. दुसऱ्या गावाकडून खेळायचं तर घर बदलावं लागेल.

मुलींचं आणखी वेगळं. आम्हाला मैदानात काय झालं यापेक्षा शॉर्ट्स केवढी होती हे आधी कळवलं जातं. हरलो तर ‘कशाला खेळायचं मग’, जिंकलो तर ‘किती दिवस खेळणार अजून’. आमच्या संघातल्या एकीने गावात खेळायचं असलं की घरी सांगायचंच बंद केलं होतं. बाहेरगावच्या मॅच मात्र ती अगदी वेळापत्रकासकट सांगायची. मला तेव्हा ते उलटं वाटायचं.

हे लिहिताना मी त्या मित्राला फोन केला. या हिवाळ्यात खेळणार आहेस का? म्हणाला, खेळणार. न खेळलो तर ‘घाबरला’ म्हणतील, आणि तसंही मला खेळायला आवडतं, हे सगळे विसरूनच जातात. मी म्हटलं, येते मग बघायला. तो जरा थांबला. मग म्हणाला, ये, पण मांडवाच्या बाजूला बसू नकोस, पलीकडे झाडाखाली उभी राहा. आणि नाव घेऊन ओरडायचं नाही. गावाचं पण नाही, माझं पण नाही.

‘‘मग ओरडू काय?’’

‘‘नंबर ओरड. सतरा.’’

रविवारी सकाळी नऊला पहिली मॅच आहे.